हिरोच्या घरातली चित्रं

गेल्या महिन्यात अप्रेझलचा निकाल लागला आणि मी दोन दिवस रजा टाकून पुण्याहून थेट कोल्हापूर गाठलं. रेटिंग विचारू नका! तांबडा-पांढरा चापून लोळत होते, तर आईने माळ्यावरून माझा जुना रंगांचा डबा काढून पुढ्यात ठेवला. ‘भंगारात टाकू का गं?’ ड्रॉइंगच्या इंटरमीजिएटला ‘ए’ ग्रेड मिळवलेली मी. पण इंजिनीअरिंगला गेले आणि डबा बंद झाला तो झालाच. ‘नंतर बघू’ म्हणत घराबाहेर सटकले, ती राजारामपुरीतल्या चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालयात शिरले. शाळेत असताना कितीदा यावरून सायकल हाणलीय, आत कधीच गेले नव्हते.

चंद्रकांत म्हणजे आपल्या आज्यांच्या काळातले हार्टथ्रॉब. जन्म १९१३चा, मूळ नाव गोपाळ. चित्रकलेचे धडे थेट बाबूराव पेंटर यांच्याकडे गिरवले आणि बाबूरावांच्याच १९३६च्या ‘सावकारी पाश’मध्ये कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. मग भालजी पेंढारकरांचे ‘थोरातांची कमळा’ (१९४१), ‘छत्रपती शिवाजी’ (१९५२)... गाडी एकदम सुसाट!

पण बॉस, हातातला ब्रश सुटला नाही. भिंतींवर हिरोगिरीपेक्षा झाडं, पाणी, डोंगर यांचीच गर्दी. मी खिळले ती पावडर शेडिंगच्या चित्रांपाशी. ना ब्रश, ना ओला रंग. कोरडी पूड कागदावर घासत घासत उजेड-सावली आणायची. प्रचंड पेशन्सचं काम. यांना वेळ कधी मिळत असेल? मला तर मेल बघून होत नाहीत!

आणखी एक. ही वास्तू म्हणजे त्यांचं स्वतःचं राहतं घर, ‘निसर्ग’ नावाचं. चित्रांसकट त्यांनी ते राज्य सरकारला देऊन टाकलं. २००१मध्ये ते गेले. सिनेमातला हिरो आता जुन्या प्रिंटमध्ये शोधावा लागतो. चित्रकार मात्र घरीच भेटतो.

घरी येऊन म्हटलं, ‘आई, डबा राहू दे.’ निळी ट्यूब दगड झाली होती, ती नवी आणली. परवा रविवारी रंकाळा काढून बघितला. पाणी कसलं, पत्राच दिसतोय! आईला फोटो पाठवला, तर म्हणाली, ‘म्हैस छान जमलीय.’

ती होडी होती. पुढच्या रविवारी पुन्हा काढणार आहे.