हद्दीपलीकडे कोण राहतं?

जळगावात एखाद्याला तडीपार केलं की पेपरात चार ओळींची बातमी येते. नाव, वय, वस्ती, दाखल गुन्ह्यांची संख्या आणि शेवटी 'दोन वर्षांसाठी जिल्ह्यातून हद्दपार'. बातमी तिथे संपते, माणूस मात्र कुठेतरी जातोच. पारोळ्यापुढे जिल्हा संपला की धुळ्यात कुणी मावशी, कुणी साडू असतो. धुळ्यातून काढलेल्यालाही अमळनेर-चाळीसगावकडे असंच कुणीतरी सापडतं. हे नातेवाईक बंगल्यांच्या कॉलनीत राहत नाहीत. ते नाल्याकाठी, पत्र्याच्या खोलीत राहतात आणि आधीच पाचजण झोपतात तिथे सहाव्याला जागा करून देतात. म्हणजे एका शहराच्या गरीब वस्तीतला प्रश्न दुसऱ्या शहराच्या गरीब वस्तीत गेला. कागदावर मात्र तो सुटला.

१९५१च्या पोलीस कायद्यातली कलमं ५५, ५६ आणि ५७ ही या तडीपारीची. मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं, लगतचे जिल्हेही आदेशात धरता येतात. जालन्याच्या एका प्रकरणात जानेवारी २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा उपाय असाधारण आहे, तो सरसकट वापरू नका, असं बजावलं. एरवी आदेशात माणसाने कुठून निघायचं ते काटेकोर लिहिलेलं असतं. त्याने कुठे राहायचं, काय काम करायचं, मागे राहिलेल्या बायकापोरांनी काय खायचं, ते प्रशासनाच्या विचारात येत नाही. ज्या मोहल्ल्यात तो जाऊन राहणार त्या मोहल्ल्याला कुणी विचारत तर नाहीच.

नकोशा माणसांना कुठे ठेवायचं, हा प्रश्न खानदेशाला नवा नाही. १८१८ साली कंपनी सरकारने हा मुलूख घेतला तेव्हा सातपुडा आणि सातमाळ्यातले भिल्ल हाच त्यांच्यापुढचा मोठा पेच होता. पहिला कलेक्टर कॅप्टन ब्रिग्ज. त्याने धुळं मुख्य ठाणं केलं, व्यापारी बोलावले, पेठ वसवली. डोंगरात मात्र त्याने फौजा पाठवल्या, नाकी अडवली, माणसं फासावर दिली, आणि तरी बंड शमेना. मग मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या काळात, १८२५ मध्ये, धोरण फिरलं. तीन भिल्ल एजन्सी नेमल्या गेल्या. जुने गुन्हे माफ झाले. जमिनी, बैल, बियाणं, तगाई देऊन वसाहती बसवल्या. लेफ्टनंट औट्रमने भिल्लांचीच पलटण उभी केली, तिचं ठाणं धरणगावला. ज्यांचा बंदोबस्त करायचा त्यांनाच बंदोबस्ताला लावलं.

या धोरणात साम्राज्याचा स्वार्थ उघड होता. कंपनीला महसूल हवा होता आणि शांत रस्ते हवे होते. तरी एक गोष्ट त्या अधिकाऱ्यांना उमगली होती, आणि ती पुढच्या शंभर वर्षांत त्यांचेच वारस विसरले: माणसाने एका जागी राहावं असं वाटत असेल तर त्याला तिथे राहण्याजोगं काहीतरी द्यावं लागतं. घोटाळा जमिनीतच होता. भिल्लांना मिळाली ती बहुतेक ओस, जंगलाकडेची, दुसऱ्या कुणाला नको असलेली जमीन. पुढे कापसाला भाव आला, त्याच जमिनीला मोल आलं आणि सावकाराच्या वहीतून ती हळूहळू निसटली. लोक तिथेच राहिले, फक्त मालकाचे सालदार झाले.

पुढचा टप्पा अधिक कोरडा. १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा १९११मध्ये मुंबई इलाख्याला लागू झाला. आता गुन्हा करायची गरज नव्हती, जन्म पुरेसा होता. पारधी, कंजारभाट, कैकाडी, बेरड यांची नोंद, हजेरी आणि मग सेटलमेंट, म्हणजे कुंपणातली सक्तीची वसाहत. विजापूर, हुबळी, गदग, सोलापूर, बारामती. स्टार्ट नावाचा आयसीएस अधिकारी या सेटलमेंट खात्याचा प्रमुख होता. त्याच्याच अध्यक्षतेखाली पुढे अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी समिती बसली, तीत डॉ. आंबेडकर सदस्य होते, अहवाल १९३०चा. सोलापूरचं तारेचं कुंपण गावाबाहेर, पण गिरणीच्या चालण्याच्या अंतरावर होतं. सुधारणाही झाली आणि स्वस्त मजूरही मिळाले. कुंपणातून सुटलेल्यांसाठी शेजारीच 'फ्री कॉलनी' झाली. ते नाव आजही आहे, 'सेटलमेंट फ्री कॉलनी'. सुटका झाली तरी पत्त्यात सेटलमेंट राहिलंच.

(धुळ्याच्या तुरुंगाचं नाव निघालं की आपल्याला १९३२ सालची विनोबांची गीता प्रवचनं आणि ती टिपून घेणारे साने गुरुजी आठवतात. आठवावेतच. त्याच भिंतींआड चोरीसाठी आलेला पारधी सुटल्यावर कुठे गेला, हे मात्र कुणी टिपलेलं नाही.)

३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला, जमाती विमुक्त झाल्या. पण सराईत गुन्हेगारांचे कायदे राहिले, मुंबई राज्याचा १९५९चा. ऑक्टोबर २०२४मध्ये तुरुंगातल्या जातिभेदाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाला 'जन्मजात गुन्हेगार' या शिक्क्याची पुन्हा दखल घ्यावी लागली.

असाच शिक्का वस्त्यांवरही बसतो. जळगावचं घरकुल प्रकरण घ्या. नव्वदीच्या उत्तरार्धात पालिकेने हुडको या सरकारी गृहकर्ज महामंडळाकडून कर्ज काढून झोपडपट्टीवासीयांसाठी अकरा हजारांवर घरं बांधायला घेतली, जागा शहराच्या कडांना. बहुतेक घरं पुरी झाली नाहीत. २००६मध्ये गुन्हा नोंदला गेला आणि २०१९मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवलं. त्यांत माजी मंत्री आणि नगरसेवक होते. अपिलं वर गेली. योगायोग असा की निकालाचा दिवसही ३१ ऑगस्टच होता. यातला एक तपशील मला कायम खटकतो. हे ४८जण जिथे राहतात त्या कॉलन्यांना कुणी 'गुन्हेगारांची वस्ती' म्हटलं नाही, तिथे कोम्बिंग ऑपरेशन झालं नाही. हुडकोच्या कर्जातून झालेल्या वस्तीत मात्र मोटारसायकल चोरी झाली की पोलीस पहिल्यांदा तिथेच पोचतात. ज्यांच्या घरांचे पैसे गेले, संशयही त्यांच्यावरच.

गरीब वस्तीने आपल्या शेजारी होणाऱ्या नव्या पुनर्वसनाला विरोध केला की तो आडमुठेपणा ठरतो. कॉलनीने केला की ते नागरिकांचं निवेदन असतं. निवाडा करणारे या दोन कागदांकडे सारख्या नजरेने बघत नाहीत. अमेरिकेत लॉस एंजेलिसने १९७६मध्ये बेघर, व्यसनी आणि सुटलेले कैदी स्किड रो या एकाच भागात सामावण्याचं धोरणच उघडपणे स्वीकारलं. आपल्याकडे तसा ठराव कुणी करत नाही, त्याची गरजही पडत नाही. स्वस्त जागा आणि गप्प शेजारी शोधले की नकाशा आपोआप तसाच निघतो.

जो एका जागी बांधला जातो तो संशयित, आणि ज्याला जागाच नाही तोही. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला मुलं पळवणारे आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षेसाठी आलेले. मारणारेही हातावर पोट असणारे, आदिवासी पाड्यातले. त्या रागाला मोबाइलवरच्या अफवेने वाट दिली हे खरं, पण भटका दिसला की चोर, ही शिकवण मोबाइलच्या कितीतरी आधीची आहे. ती सरकारी नोंदवहीतून आलेली आहे.

२०११ची यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना विमुक्त आणि भटक्या कुटुंबांना पाच गुंठे जमीन आणि घर देऊ करते. हेतूला नाव ठेवायला जागा नाही. पण तिची मूळ आखणी पुन्हा 'वसाहत' अशीच होती, वीस कुटुंबं एकत्र, आणि गावठाणाला लागून जमीन मिळत नाही म्हणून ती जाते माळावर. मला विचाराल तर वीस घरं एका माळावर बांधण्याऐवजी पाच गावांत चार-चार घरं द्या, गावठाणातच द्या, रेशनकार्ड आणि जातीचा दाखला घराच्या किल्लीबरोबर हातात द्या. खर्च थोडा वाढेल, ग्रामसभेत आवाज चढतील. चढू द्यावेत, निदान यावेळी ते गावाच्या आतून येतील.

आणि तडीपारीच्या आदेशात एक रकाना वाढवावा: हा माणूस राहणार कुठे, कोणत्या कामावर, आणि तिथल्या पोलीस ठाण्याला व नगरसेवकाला कळवलं आहे का. रकाना भरता येत नसेल तर प्रांताधिकाऱ्यांनी त्या आदेशावर सही करू नये.