पेपर किती झाले, एवढंच विचारू नका

माझे आजोबा कल्हई करायचे. गावोगाव फिरून भाता लावायचा, तांब्या-पितळेची भांडी तापवायची, नवसागर टाकायचा आणि कथलाचा थर कापसाच्या बोळ्याने फिरवायचा. थर इतका पातळ की नखाने ओरखडा काढला तर खालचं तांबं दिसावं. पण तेवढ्या थरामुळेच आमटी कळकायची नाही. मी पीएच.डी.ला बसलो तेव्हा त्यांनी विचारलं, तू तिथं नेमकं करतोस काय? मी म्हटलं, काचेवर पातळ थर चढवतो. ते म्हणाले, "म्हंजे कल्हईच की रं!"

हसण्यावारी नेलेलं ते वाक्य आज मला फार नेमकं वाटतं. थर चढवायचं शास्त्र, ज्याला थिन फिल्म म्हणतात, हे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं मोठं काम आहे. १९६२ साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ. महागडी निर्वात यंत्रं असली तरच विज्ञान होतं, असं समजून हातावर हात ठेवून बसणं इथल्या लोकांना सहज शक्य होतं. पण इथल्या भौतिकशास्त्र विभागाने रासायनिक पद्धती हाताशी धरल्या. त्यातली एक 'सिलार'. काच एका द्रावणात बुडवायची, पाण्यात धुवायची, दुसऱ्या द्रावणात बुडवायची, पुन्हा धुवायची. प्रत्येक फेरीला एक अतिशय पातळ थर बसतो. ही पद्धत मूळची फ्रान्सची, पण ती वेगवेगळ्या पदार्थांवर वापरून तिचं बळ आणि तिच्या मर्यादा दाखवण्यात कोल्हापूरचा वाटा मोठा आहे. असे थर सौरघटांत, वायू ओळखणाऱ्या संवेदकांत, सुपरकॅपॅसिटरमध्ये वापरता येतात.

या पद्धतीवरचा एक आढावा लेख २००४ साली 'बुलेटिन ऑफ मटेरियल्स सायन्स'मध्ये आला. लेखक एच. एम. पठाण आणि सी. डी. लोखंडे. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा पहिल्याच नावावर थांबलो होतो, हे कबूल करतो. आमच्यासारख्या आडनावाचा माणूस या रांगेत आहे, एवढं कळायलाही मला एम.एस्सी. उजाडावी लागली. तो लेख आजही जगभरचे विद्यार्थी वाचतात. कुणीही फुकट उघडून वाचू शकतो.

आता दुसरी बाजू सांगतो, ती माझीच आहे.

पीएच.डी.च्या काळात एका नियतकालिकाची ईमेल आली. आठ दिवसांत पेपर छापू, फक्त शुल्क भरा. प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापून येणं तेव्हा सक्तीचं होतं. घरी पैशांची ओढाताण, धाकट्या बहिणीचं लग्न तोंडावर. मी पैसे भरले. पेपर छापून आला. कुणी तपासला नाही, एकही शंका विचारली नाही. आलेखातल्या एका अक्षावर मी एकक चुकीचं टाकलं होतं, तेही तसंच छापलं. तो पेपर माझ्या नावावर अजून आहे. त्याला गुण मिळाले. पण आजोबांनी कल्हई न करता नुसतं भांडं घासून पैसे घेतले असते, तर त्यांना काय म्हटलं असतं?

असा मी एकटा नव्हतो. २०१८मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने आपल्याच मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकली. २०१०पासून प्राध्यापकांच्या बढतीसाठी पेपरला गुण मिळू लागले. मग गुण विकणारी दुकानंही उघडली. २०२२च्या नियमांत पीएच.डी.साठी पेपरची सक्ती गेली. २०२५मध्ये आयोगाची 'केअर' यादीही बंद झाली. म्हणजे नियतकालिक खरं की खोटं, हे आता संस्थांनी आणि संशोधकांनीच पारखायचं आहे.

म्हणून एखाद्या विद्यापीठाचे पेपर किती वाढले, ही बातमी वाचून मी लगेच टाळ्या वाजवत नाही. मी विचारतो: दुसऱ्या प्रयोगशाळेत तोच प्रयोग करून पाहिला तर तेच उत्तर येतं का? कुणी तो वाचून पुढे काही केलं का? आणि जो प्रश्न घेतला, तो घ्यायला वेळ मिळाला होता का? एस. आर. यादव आणि म. म. सरदेसाई यांनी कोल्हापूर जिल्ह्यातल्या वनस्पतींचा ग्रंथ केला. मोजणीत ते एक पुस्तक. पण त्यामागे डोंगर, पठारं, जंगलं पायी तुडवलेली असतात. गुणांच्या तक्त्यात अशा चालण्याला रकाना नाही.

वेळ. माझ्या मते सगळं इथेच येऊन थांबतं. एका प्रश्नाला चार-पाच वर्षं चिकटून राहण्याची चैन कुणाला परवडते? ज्याच्या घरी दुसरं कुणी कमावणारं आहे त्याला. आपल्यातल्या अनेकांना हा वेळ मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिपने दिला होता. २००९मध्ये सुरू झालेली ही फेलोशिप २०२२मध्ये बंद झाली. इतर योजना सर्वांना खुल्या आहेत, असं कारण दिलं गेलं. जेआरएफ खुली आहे, खरंच आहे. पण जो नेट पास झाला आणि जेआरएफच्या यादीत थोडक्यात राहिला, त्याचं काय? तो गॅरेजच्या हिशेबाला बसतो, शिकवण्या घेतो, आणि रात्री उरलेल्या वेळात पेपर 'उरकतो'. दुकानदाराची ईमेल नेमकी त्यालाच येते.

मी आठ दिवसांचा रस्ता घेतला, त्याची जबाबदारी माझी. पण ती फेलोशिप परत मागणं ही खैरात मागणं नव्हे. चांगलं विज्ञान हवं असेल तर त्याची किंमत द्यावी लागते, इतकंच ते आहे.

दोस्तहो, बी.एस्सी., एम.एस्सी.ला असाल तर दोन गोष्टी करा. आपल्या विद्यापीठातला एक तरी चांगला पेपर शोधून पूर्ण वाचा, निम्मा कळला तरी चालेल. आणि मार्गदर्शक निवडताना त्यांचे पेपर किती हे विचारण्याआधी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना भेटा. फसलेला प्रयोग सर पुन्हा करू देतात का, एवढंच त्यांना विचारा. उत्तर 'हो' आलं तर तिथे जागा मिळवायला धडपडा.