किंगरीवाल्यास भिक्षेकरी म्हणणारांस

पश्चिमेकडील देशांत एक हौस चांगलीच फोफावली आहे. सुटीच्या दिवशी मंडळी मध्ययुगीन वेष करून जमतात. कोणी सरदार होतो, कोणी लोहार, तर कोणी जुने गेलिक नाव धारण करून गावोगाव हिंडणारा भाट बनतो व त्या भाटाच्या नावे कवने रचून म्हणतो. १९६६ साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथे निघालेली अशी एक संस्था आज अनेक देशांत पसरली आहे. आमच्या काही सुशिक्षित स्नेह्यांस या प्रकाराचे अतोनात कौतुक. त्यास आमची हरकत नाही. १६०७ साली आयर्लंडच्या उत्तरेकडील गेलिक सरदार देश सोडून गेले आणि त्यांच्या आश्रयाने जगणारी कवींची वंशपरंपरागत घराणी उघडी पडली; जे हरवले त्याचा निदान वेष तरी घ्यावा, ही भावना आम्हांस समजते. आमचे भांडण निराळे आहे. हेच स्नेही आदिलाबादकडे गेले आणि खांद्यावर किंगरी टाकलेला परधान त्यांस दिसला, की ‘कोणी मागणारा दिसतो’ एवढे बोलून मोकळे होतात.

हा मागणारा कोण? राजगोंडांच्या कुळांचा भाट. गोंडांत सातदेवे, सहादेवे, पाचदेवे, चारदेवे असे सगे आहेत. कोणत्या कुळाचा देव कोणता, तो कोठून आला, गुहेत कोंडलेल्या देवांस पहांदी कुपार लिंगाने कसे सोडविले, हे सारे परधानाच्या मुखी आहे. वैशाखात व पौषात कुळाच्या पेर्सापेनची पूजा मांडली, म्हणजे तीन तारांची किंगरी गजाने छेडीत तो ही कथा गातो. यजमानाच्या घरी लग्न असो वा मर्तिक, परधान यावाच लागतो. त्याबद्दल त्यास धान्य, वस्त्र, प्रसंगी गुरेही मिळतात. यास भीक म्हणावयाचे, तर आमच्या देवळांतील चौघडा वाजविणारास, पालखीच्या भोयांस आणि उत्सवातील कीर्तनकारास जे मिळते तीही भीकच ठरेल. तसे म्हणण्याचे धाडस या स्नेह्यांनी आपापल्या ग्रामदेवतेच्या सभामंडपात एकवार करून पाहावे.

यांचा दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे. परधान घरी मराठी बोलतात. तेव्हा गोंडी गाणी ही त्यांची उसनवारी, पोटाची सोय, असे ते म्हणतात. घरी मराठी आणि देवापुढे गोंडी, ही गोष्ट खरी आहे; राजगोंडांवरील आपल्या १९४८ सालच्या ग्रंथामुळे प्रसिद्ध असलेल्या फ्यूरर-हायमेंडॉर्फ यांनीही ती नोंदविलेली आहे. परंतु त्यावरून उसनवारी कशी सिद्ध होते? गोमंतकातील आमचा वाचक घरी कोंकणी बोलतो, आणि मंगेशीच्या वा म्हार्दोळच्या देवळात उभा राहिला की आरती मराठीत म्हणतो, कीर्तन मराठीत ऐकतो. त्याची भक्ती उसनी आहे असे कोणी म्हटले, तर तो काय उत्तर देईल? जे उत्तर तो देईल, तेच परधानाचेही समजावे. एकाच अंकात दोन भाषा नांदविणाऱ्या या मासिकाच्या वाचकांस तरी ही गोष्ट फोड करून सांगावी लागू नये.

तिसरे एक मत सहानुभूतीचे म्हणून पुढे येते: यांना रंगमंचावर आणा, पोशाख द्या, पारितोषिके द्या. मार्लवाईचे कनक राजू यांस गुसाडी नृत्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली, याचा आम्हांस आनंदच झाला. पण नृत्य दहा मिनिटांत दाखविता येते. कुळकथा दहा मिनिटांची केली म्हणजे तिचे काय उरते? शिवाय ती प्रेक्षकांसाठी नसतेच. ती ज्यांची कथा आहे त्यांच्यासाठी, त्यांच्या देवासमोर गावयाची असते. यजमान उठून गेला की परधानही वेष घेतलेला गेलिक भाटच झाला.

या नात्यात उच्चनीचता होती, हे आम्ही लपवीत नाही. गोंड परधानास आपल्याहून हलका मानीत आले. शिकलेल्या परधान तरुणास वडिलांची किंगरी खुंटीस टांगावीशी वाटली, तर त्यास दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. ज्यांनी ‘मागणारा’ हा शब्द त्याच्या कानी घातला त्यांस तर मुळीच नाही.

पौष अमावास्येस इंद्रवेल्ली मंडलातील केसलापूर येथे मेश्राम कुळाच्या नागोबाची जत्रा भरते. कुळातील मंडळी गोदावरीचे पाणी पायी चालत आणतात, आणि त्या पाण्याने देवाची पूजा होते. २०२२ साली कुळाने आपल्याच वर्गणीतून नवे मंदिर उभारले. आमच्यापैकी अनेकजण माहूरपर्यंत जातात. तेथून पुढे गेले तर हे स्थान फार दूर नाही. जाणारांनी मंदिराच्या शिळांचे कौतुक अवश्य करावे. पण मेश्रामांच्या वडीलधाऱ्यांची परवानगी मिळाली, तर परधान गाईल तेथेही बसावे, आणि मध्येच उठू नये. गोंडी समजत नसेल, तर थांबल्यावर परधानासच विचारावे. तो मराठीत सांगेल. सोबत घोंगडी असू द्यावी, त्या दिवसांत तिकडे थंडी फार असते.