नोंदवहीची राखण

पर्यटन हा विश्वासावर चालणारा व्यवसाय आहे. येथे ग्राहक न पाहिलेल्या खोलीसाठी आगाऊ रक्कम भरतो आणि आपले नाव, पत्ता, पारपत्राचा क्रमांक परक्याच्या हाती सोपवतो. पूर्वी ही माहिती हॉटेलच्या नोंदवहीत राही. आज ती संगणकात असते. तिची राखण हे केवळ तंत्रज्ञांचे काम आहे, असे मानून व्यावसायिक स्वस्थ बसतात. ही स्वस्थता किती महागात पडते, याचे दोन दाखले अमेरिकेने दिले आहेत.

मॅरियट कंपनीने २०१६ साली स्टारवुड ही हॉटेल कंपनी विकत घेतली. तिच्या संगणकांत २०१४ पासूनच चोर शिरलेले होते. म्हणजे हॉटेलांबरोबर मॅरियटने चोरही पदरात घेतले. २०१८ मध्ये हा प्रकार उघडकीस आला. पन्नास लाखांहून अधिक पारपत्र-क्रमांक सांकेतिक लिपीच्या संरक्षणाविना साठवलेले होते. ब्रिटनमधील नियामकाने २०२० मध्ये कंपनीला १ कोटी ८४ लाख पौंड दंड केला.

दुसरा दाखला लास व्हेगासच्या एमजीएम कंपनीचा. सप्टेंबर २०२३ मधील हल्ल्याने तिची आरक्षणव्यवस्था कोलमडली. त्या महिन्यात तेथील तिच्या ८८ टक्के खोल्या भरल्या. आदल्या वर्षी हेच प्रमाण ९३ टक्के होते. कंपनीच्याच अंदाजानुसार नफ्याला सुमारे १० कोटी डॉलरची झळ बसली.

बलाढ्य कंपन्या असा आघात सोसू शकतात. कोकणात निवास-न्याहारीची सोय चालवणाऱ्या कुटुंबाचे काय? केदारनाथच्या हेलिकॉप्टर-प्रवासापासून यात्रेकरूंच्या निवासापर्यंत बनावट संकेतस्थळांनी मांडलेल्या फसवणुकीविषयी केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये इशारा दिला होता. असे संकेतस्थळ एखाद्या लहान हॉटेलच्या नावाने निघाले, तर पैसे प्रवाशाचे जातात, पण नाव मालकाचे बुडते. आणि त्याच्यापाशी नावाखेरीज दुसरे भांडवल ते कोणते?

उपाय खर्चिक नाहीत. पाहुण्यांच्या आधारपत्रांची छायाचित्रे भ्रमणध्वनीत वर्षानुवर्षे साठवू नयेत. दूरध्वनीवर स्वतःला बँकेचा वा कंपनीचा माणूस म्हणवणाऱ्याची खातरजमा केल्यावाचून संकेतशब्द सांगू नये. पर्यटन विकास महामंडळानेही अधिकृत निवासस्थानांचे खरे क्रमांक व संकेतस्थळे यांची अद्ययावत यादी ठळकपणे प्रसिद्ध करावी आणि लहान व्यावसायिकांना तालुक्याच्या ठिकाणी प्रशिक्षण द्यावे. रस्ते व विमानतळ यांवर कोट्यवधी रुपये खर्च होत असताना पाहुण्याच्या विश्वासाच्या रक्षणासाठी एवढी तरतूद करणे शासनाला जड वाटू नये.