मुक्कामाची रात्र

अमेरिकेतील ‘सुसान जी. कोमेन थ्री-डे’ ही पदयात्रा स्तनाच्या कर्करोगाविरुद्धच्या कार्यासाठी निधी जमविते. तीन दिवसांत साठ मैल, म्हणजे सुमारे ९६ किलोमीटर चालावयाचे असते. सुसान यांचे १९८० साली याच रोगाने निधन झाले. त्यांच्या भगिनी नॅन्सी ब्रिंकर यांनी १९८२ मध्ये त्यांच्या नावे संस्था स्थापन केली. तीच संस्था ही पदयात्रा भरविते.

चालणाऱ्यांत रोगातून बऱ्या झालेल्या स्त्रिया असतात, तशीच त्यांची शुश्रूषा केलेली माणसेही असतात. दिवसाकाठी सुमारे ३२ किलोमीटर चालून आल्यावर गुलाबी तंबूंची वसाहत त्यांची वाट पाहत असते. सामान ट्रकने आधीच पोहोचलेले असते. गरम पाण्याचे स्नान, पोटभर जेवण आणि पायांचे फोड दाखविण्यासाठी वैद्यकीय तंबू, अशी सारी व्यवस्था तेथे असते. वाटेत ज्याला चालवत नाही, त्याला वाहनात बसवून घेतात. उद्याची चाल आजच्या विश्रांतीवर अवलंबून आहे, हे तेथे सर्वांनी गृहीत धरलेले असते.

त्या तंबूतील काही सवयी आपल्या घरी सहज आणता येतील. ज्येष्ठांनी, विशेषतः मधुमेह असलेल्यांनी, रोज रात्री तळपाय पाहावेत. वाकता येत नसेल तर आरसा धरावा. मधुमेहात पायांची संवेदना मंदावू शकते, म्हणून खडा रुतला तरी कळत नाही. बोटांमधील जागा कोरडी ठेवावी. फोड आला तर तो स्वतः फोडू नये. जखम दिसल्यास डॉक्टरांना लगेच दाखवावे.

मात्र शुश्रूषा करणाऱ्यांनी घ्यावयाचा धडा याहून मोठा आहे. पदयात्रा तिसऱ्या दिवशी संपते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा वर्षानुवर्षे चालते. त्या वाटेवर मुक्काम कोणी आखून देत नाही. रात्री औषधाच्या वेळेला उठणारी सून किंवा पत्नीला कूस बदलून देणारे सत्तरीतले आजोबा ‘मी थकलो’ असे म्हणत नाहीत. म्हटले तर सेवेत उणे पडल्यासारखे त्यांना वाटते. अपुरी झोप आणि दुखरी पाठ मग त्यांनाच रुग्ण करते.

म्हणून कुटुंबाने एकत्र बसून आठवड्यातील निदान एक रात्र ठरवावी. त्या रात्री औषधांची यादी व डॉक्टरांचा फोन क्रमांक दुसऱ्या कोणाच्या हाती द्यावा आणि सेवा करणाऱ्याने दुसऱ्या खोलीत निश्चिंत झोपावे. रुग्णालाही हे आधी सांगावे. आपल्यासाठी झिजणारे माणूस आज झोपले आहे, याचे समाधान त्यालाही लाभेल.