युसू एन्दूरला टाळ्या, वडशाच्या पोट्ट्याला टोमणे

आमच्या मोहल्ल्यातला एक पोट्टा यंदा वडशाच्या एका नाटक कंपनीत लागला. ऑर्गन वाजवतो, वेळ पडली तर गातोही. दिवाळी सरून धान घरी आलं की चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत मंडया भरतात, शंकरपट होतात आणि रात्रभर नाटकं चालतात. तेवढे महिने त्याच्या हाताला काम असतं. तरी त्याची अम्मी शेजारणींना सांगते, ‘‘पोरगा वडशाला नोकरीला आहे.’’ कुठली नोकरी, ते सांगत नाही.

कारण जुम्म्याच्या नमाजनंतर दोन बुजुर्गांनी पोराला बाजूला घेतलं होतं. ताजबागच्या उरुसात कव्वालीला साथ केली असतीस तर गोष्ट वेगळी, हे नाटक-तमाशे आपले नाहीत, असं समजावलं. गंमत म्हणजे त्यांच्यापैकीच एकाच्या आखातातल्या मुलाने काही दिवसांपूर्वी मोहल्ल्याच्या ग्रुपवर युसू एन्दूरचं गाणं टाकलं होतं. ‘मुस्लिम गायक, जगभर नाव!’ आणि खाली माशाअल्लाहची रांग.

या एन्दूरचं गाणं आहे तरी काय? सेनेगलची राजधानी डकार, तिथल्या मदिना वस्तीत १९५९ साली त्याचा जन्म. आईकडचं घराणं परंपरेने गाणाऱ्यांचं, वडिलांचा मात्र गाण्याला विरोध. त्या काळी डकारच्या क्लबांत क्युबाच्या चाली वाजत. एन्दूर आणि त्याच्या सोबत्यांनी त्यांत आपले साबार ढोल घातले, जॅझ घातलं, अमेरिकी सोल घातलं आणि वर शब्द ठेवले वोलोफ या आपल्या बोलीचे. त्या मिश्रणाला म्बलाख म्हणतात. १९८८ साली ॲम्नेस्टीच्या जागतिक दौऱ्यात तो दिल्लीतही गाऊन गेला. १९९४ मध्ये नेने चेरीसोबतचं ‘सेव्हन सेकंड्स’ युरोपभर गाजलं. एवढं होऊनही त्याने डकार सोडलं नाही.

पण ग्रुपवर कुणी न सांगितलेली गोष्ट पुढे आहे. २००४ साली त्याने ‘इजिप्त’ हा अल्बम काढला. साथीला कैरोचा वाद्यवृंद आणि विषय सेनेगलचे सूफी. त्यांत फ्रेंचांनी हद्दपार केलेले शेख अमादू बाम्बाही आले. आपल्या ताजुद्दीन बाबांचा इंतकाल १९२५ चा, बाम्बांचा १९२७ चा. दोघेही गोऱ्या साहेबाच्या राज्यातले फकीर. आणि या अल्बमवर गदारोळ कुठे झाला? त्याच्याच देशात. क्लबात गाणाऱ्याने बुजुर्गांची नावं घ्यावीत कशी, म्हणून लोक चिडले, दुकानांतून कॅसेटी परत आल्या. २००५ मध्ये ग्रॅमी मिळालं आणि त्याच लोकांना तो अभिमानाचा वाटू लागला. २०१२ मध्ये तो सांस्कृतिक मंत्री झाला. अल्बम तोच होता, सूरही तेच होते.

संगीत जायज की नाजायज, यावर उलेमांमध्ये शतकानुशतकं मतभेद आहेत. जो माणूस कुठलंच वाद्य ऐकत नाही, त्याच्याशी माझं भांडण नाही; तो निदान एका वजनाने तोलतो. भांडण आहे ते डकारच्या ढोलावर माशाअल्लाह म्हणून वडशाच्या ऑर्गनवर तौबा करणाऱ्यांशी. आणि ‘आपलं नाही’ म्हणजे काय? पेशवाईत लावण्या रचणारा सगनभाऊ मुसलमान होता. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात डफ घेऊन उभे राहिलेले शाहीर अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब पटेल. ते आपले नव्हते, तर मराठी मुसलमान म्हणून आपण कुठला वारसा सांगतो?

दुसऱ्या बाजूचे लोकही काही कमी नाहीत. शहरातून आलेले एक रसिक नाटक अर्ध्यात सोडून उठले. म्हणाले, ‘‘फार भेसळ आहे हो. नाट्यगीत, लावणी, सिनेमाची चाल, सगळंच एकात.’’ अहो, झाडीपट्टी घडलीच तशी आहे! दंडार आणि खडी गंमत यांच्या पोटी ती जन्मली, संगीत नाटकाचं दूध प्याली, पुढे ऑक्टोपॅडही शिकली. गडचिरोलीच्या परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा वर्तमानपत्रांना अचानक इथली कला दिसली. इथला शेतकरी थंडीत घोंगडी गुंडाळून, तिकीट काढून पहाटेपर्यंत बसतो, त्याला पद्मश्रीची वाट पाहावी लागली नव्हती. हीच सरमिसळ आफ्रिकेतून आली की या रसिकांच्या तोंडी शब्द बदलतो, ‘भेसळ’ जाऊन ‘फ्यूजन’ येतं.

पोट्ट्याला मी एन्दूरची गाणी ऐकवली. ढोल त्याला फार आवडले. दोनदा मागे नेऊन ऐकले आणि म्हणाला, ‘‘चाचा, हा ठेका दंडारीत बसेल का, पाहतो.’’

येत्या शनिवारी जवळच्याच गावात त्यांचा प्रयोग आहे. मी दोन तिकिटं काढलीत, एक त्याच्या अम्मीसाठी. तिने तिकीट घेतलं, घडी करून डब्यात ठेवलं. येते की नाही, अजून सांगितलेलं नाही.