पाठीवरची थाप

मृग निघाला कीं, ज्या पैशानें घरांत बीं-खत यावयाचें त्या पैशावर आमच्या खेड्यांतून एक पोरगा शहराला निघतो. एस.टी.च्या थांब्यावर त्याची एक पिशवी, एक वळकटी आणि आईनें फडक्यांत बांधलेल्या भाकरी असतात. बाप नोटा दोनदां मोजून त्याच्या हातावर ठेवतो. गांवचा पुढारी तेथें असलाच तर पोराच्या पाठीवर थाप मारून म्हणतो, "जिद्द ठेव गड्या, शहर कोणाला उपाशी ठेवीत नाहीं." गाडी सुटते. पुढारीसाहेब चहाला जातात.

आम्ही स्पष्ट सांगतों कीं, ही पाठीवरची थाप म्हणजे निव्वळ थाप आहे ! शहरानें एकट्याला कधींच पोसलें नाहीं. आमचे आजे-पणजे घाटावरून व कोंकणांतून मुंबईच्या गिरण्यांत गेले, ते काय जिद्द खाऊन जगले ? ते गांवाच्या खोलीवर जगले. परळ-लालबागच्या चाळींत एका गांवच्या माणसांनीं मिळून खोली धरावी, भाडें वर्गणीनें भरावें, दिवसपाळीचा उठला कीं रात्रपाळीच्यानें त्याच जागीं पथारी टाकावी, असा तो प्रपंच. जेवण आपल्याच मुलुखांतल्या एखाद्या बाईच्या खाणावळींत. (या बायांचें ऋण कोणी मानलें नाहीं. १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळ काढलें, तेव्हां कोठें त्यांना सावकाराऐवजीं बँकेचें दार दिसलें.) त्या खोल्या कोंदट होत्या, ढेकणांनीं भरलेल्या होत्या, आणि कामासाठीं मुकादमाचा हात ओला करावा लागे. त्यांचे गोडवे आम्ही गात नाहीं. पण नवा पोरगा बोरीबंदरावर उतरला तर त्याला जावयास एक दार होतें; ताप आला तर घरीं निरोप नेणारें माणूस होतें. गोमंतकीय खलाशांनींही धोबीतलावाकडे 'कूड' म्हणून आपापल्या गांवचीं सामाईक बिऱ्हाडें काढलीं होतीं. त्यांतलीं कांहीं अजून आहेत.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून मिटल्या. आजचा पोरगा सरकारी नोकरीच्या परीक्षेसाठीं पुण्यास जातो. सदाशिव पेठ, नवी पेठ येथें जाऊन पाहा. पहिला भेटतो तो दलाल. खोली दाखविल्याबद्दल महिन्याचें भाडें त्याचें. मग मालकाची अनामत. खोली कसली, एक खाट ! त्यांतही आडनांव विचारून 'जागा नाहीं' म्हणणारे मालक अजून आहेत. मग अभ्यासिकेंतल्या खुर्चीचें भाडें, मेसचे पैसे, आणि शिकवणीवाल्याची फी आगाऊ. पदवी हातीं आली कीं सरकारी वसतिगृहांतली जागाही बहुधा सुटते. मुलगी असली तर याच्या दुप्पट घोर, आणि वर गांवचीं तोंडें.

मार्च २०२१ मध्यें राज्यसेवेची पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर आली असतां पुढें ढकलली. त्याआधींही ती अनेकदां लांबली होती. पोरें नवी पेठेंत रस्त्यावर आलीं, तेव्हां शहाणे म्हणाले, थोडे दिवस थांबायला काय झालें ? अहो, परीक्षा पुढें जाते, खाटेचें भाडें जात नाहीं !

आमच्या माहितींतल्या एका कुंभाराच्या पोरानें दोन वर्षें एकवेळ जेवून काढलीं. फोनवर आईला रोज सांगे, "जेवलों." दिवाळीला घरीं आला तेव्हां माउलीनें त्याच्या कमरेचा पट्टा पाहिला. त्याला दाभणानें पाडलेलीं दोन नवीं भोकें होतीं. ती कांहीं बोलली नाहीं, चुलीपाशीं गेली.

नुसती शाळा काढून भागत नाहीं, पोराला डोक्यावर छप्पर लागतें, हें शाहू महाराजांनीं ओळखलें आणि १९०१ पासून कोल्हापुरांत जातीजातींचीं वसतिगृहें उभीं केलीं. भाऊराव पाटलांनीं १९२४ सालीं साताऱ्यास त्यापुढचें पाऊल टाकलें. सगळ्या जातींचीं पोरें एका पंगतीला बसविलीं. त्या पोरांच्या पोटासाठीं लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने मोडले. आणि आम्ही ? आमच्या गांवांत यात्रेच्या ऑर्केस्ट्राला वर्गणी निघते, पुढाऱ्याच्या वाढदिवसाला कमान लागते, हातभर फलक लागतात. पोरगा पास झाला कीं गुलाल उधळावयास सारें गांव धांवतें. नापास होऊन, कर्ज घेऊन परतला तर तो एकट्याच्या नशिबाचा !

एका गांवाला जमत नसेल तर पांच गांवांनीं मिळून पुण्यांत दोन खोल्या धराव्या. करार नोंदलेल्या मंडळाच्या नांवें असावा. जात कोणी विचारूं नये. मुलींसाठीं खोली निराळी असावी. नव्या पोराला पहिले दोन महिने फुकट राहूं द्यावें. ज्या साहेबांच्या गळ्यांत गांवानें हार घातले, त्यांच्याकडून दरमहा वर्गणी घ्यावी. हार उसने नव्हते, असें ते म्हणतील. म्हणूं द्या, पावती-पुस्तक पुढें करा.

येत्या यात्रेच्या बैठकींत हा विषय ज्यांनीं काढला त्यांनीं, आणि तो कोणीं कसा उडवून लावला तेंही, आम्हांस लिहून कळवावें. दोन्ही छापूं.